चारशे बारा!

आमच्या बेसाच्या कॉलनीत शुगरचा सल्ला हवा असेल, तर लोक डॉक्टरच्या आधी मला भेटतात. (म्हणजे मीच त्यांना वाटेत गाठतो.) हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. लोखंडाचे पार्ट मोजण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला स्वतःच्या रक्तातली साखर मोजणं काय जड? डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, त्याच संध्याकाळी मी मशीन आणलं आणि आकड्यांची वही सुरू केली!

त्या रविवारी काटोलहून मेहुणा प्रभाकर संत्र्यांचं पोतं घेऊन आला. मी एकच खाल्लं. सोलली मात्र सगळ्यांसाठी, चांगली डझनभर. शेवटची फोड वाटून प्रभाकरला म्हटलं, "पथ्य कशाले म्हणतात, दाखवतो तुले. आण ते मशीन!"

बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला चारशे बारा.

"अहो, काय खाल्लं तुम्ही?" बायको, रंजना, ओरडलीच.

"एक संत्रं, वं! तुह्या भावासमोर!"

"अन् काल लग्नात जिलेबीपाशी कोण उभं होतं?"

"उभाच होतो! उभं राह्यल्यानं शुगर वाढते काय?"

"भाऊजी, मशीन बिघडलं असन," प्रभाकर म्हणाला.

माझ्या मशीनवर शंका! "मशीन खोटं बोलत नाही गा, माणूस बोलते," मी ताडकन म्हणालो, आणि ऐटीत स्वतःलाच आरोपी करून बसलो. दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. तीनशे अठ्ठ्याण्णव! दोन मापं जुळली की निकाल पक्का, हा आमचा कारखान्याचा नियम.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पण तज्ज्ञाने घाबरून कसं चालेल? मी भराभर हुकूम सोडले. कारल्याचा रस काढा! (तो धीर द्यायला म्हणून प्रभाकरनेही प्यायला आणि नंतर बराच वेळ बोलला नाही.) माझं जेवण बंद! आणि शुगरच्या दोन गोळ्या जास्तीच्या!

"डॉक्टरले फोन लावते मी," रंजना म्हणाली.

"त्यात डॉक्टर कशाले? शुगर डबल, गोळी डबल. सीधा हिसाब आहे!"

मी पाण्याचा ग्लास उचलला. रंजनाने माझ्या तळहातावरच्या गोळ्या हिसकावल्या आणि मूठ आवळून धावत शेजारच्या स्नेहलला बोलावून आणलं. ती दवाखान्यात नर्स आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सालींच्या ढिगाकडे.

"काका, टोचायच्या आधी हात धुतले होते काय?"

"कशाले? साफच तर आहेत!"

"वास घेऊन पाहा."

घेतला. अख्खं काटोल माझ्या बोटांवर होतं.

साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा मोजलं. एकशे अडतीस!

"संत्र्याचा रस मोजून राहिले होते तुम्ही," स्नेहल म्हणाली. "अन् उपाशीपोटी ह्या गोळ्या घेतल्या असत्या, तर शुगर एकदम खाली जाऊन बेशुद्ध पडले असते. गोळी कमी-जास्त करायची तर डॉक्टरलेच विचारायचं, काका."

रंजना मटकन खाली बसली. मूठ अजून आवळलेलीच होती आणि डोळे भरून आले होते. मला फार लाज वाटली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात प्रभाकरची वाचा परत आली. तो टीव्हीच्या वरची पाटी वाचत होता. तीस वर्षं ती कारखान्यात माझ्या टेबलामागे टांगलेली होती, आणि निरोपाच्या दिवशी कामगारांनी हार घालून मलाच भेट दिली होती.

"भाऊजी," त्याने निरागसपणे विचारलं, "हे 'आधी पुसा, मग मोजा' कोणासाठी लिहिलं होतं?"

ती पाटी आता आमच्या वॉशबेसिनवर आहे. रंजनाने ठोकली. खिळा मी धरला, हात धुऊन!