टकर घराण्याचं मूळ

“लग्नात मी नवरा बघितला, बाबांनी आडनाव बघितलं,” असं आसावरी टकर एकदा हसत म्हणाली होती. तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. गाडीच्या दारात सापडली, असं ती सांगे. दार कुणी लावलं, हे टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात कुणी विचारलं नाही.

तिचे वडील दिगंबरराव निवृत्त पेट्रोलियम इंजिनिअर. मुलीने गोऱ्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी कुळ विचारलंच. क्लिंटला काही सांगता येईना. आजोबा वेल्डर होते, त्यापलीकडचं त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नव्हतं. मग दिगंबररावांनीच शोधून काढलं. टकर हे नाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं, डेव्हनच्या बाजूचं. विणून आलेलं लोकरीचं कापड दाट करणारे ते टकर. शिळ्या मुतात कापड भिजवायचं, पायांनी तुडवायचं, सोट्यांनी कुटायचं, वीण मिटेपर्यंत. मग ओलं असतानाच आकड्यांना अडकवून ताणायचं. पुढे पाणचक्क्या आल्या आणि लाकडी हातोडे कुटू लागले. हेच काम करणारे दुसऱ्या मुलखांत फुलर झाले, वॉकर झाले.

“शेकडो वर्षांचं कष्टाळू घराणं!” दिगंबरराव पाहुण्यांना सांगत. टकरच्या मूळच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ छळणं असाही होता, तेवढं ते गाळत. आसावरीने ते वाचलं होतं. तिला त्यात विशेष वाटलं नाही. चांगल्या देशस्थ आडनावांच्या घरांतही तिने सुजलेले डोळे पाहिले होते.

यंदा मे महिन्यात क्लिंटने तिचं डोकं गॅरेजच्या भिंतीवर आपटलं. सुजल्या डोळ्याने ती पाच वर्षांच्या लेकीला, अनयाला, घेऊन वडिलांकडे आली.

“बाबा, मी आता परत जाणार नाही. इथे राहू?”

“विचारतेस काय? तुझंच घर आहे.”

आणि रविवारी त्यांनी क्लिंटला जेवायला बोलावलं. अधिक महिना चालू होता. जावयाला वाण दिलं, मान दिला, की कसलाही जावई निवळतो, असं त्यांच्या घरात मानत आले होते.

अनारसे तळायला शेजारच्या वीणाकाकू आल्या होत्या. पाहुणा कोण, ते त्यांना कढईपाशी कळलं.

“दिगंबरराव, पोरीचा डोळा बघितलात का? जावयाला ओवाळताय की पोरीला पोचवताय?”

“वहिनी, तुम्ही तळा फक्त.”

क्लिंट इस्त्रीचा शर्ट घालून आला. दिगंबररावांनी पितळी तांब्यातून त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो हसला. “यांच्यात मी राजा आहे,” तो अनयाला इंग्रजीत म्हणाला. ती टेबलाखाली गेली.

चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे त्याच्यासमोर आले. दिगंबररावांनी पुन्हा डेव्हन सुरू केलं, तुडवणं, कुटणं, ताणणं. क्लिंट चावता चावता मान हलवत होता.

“बॅग भर,” मध्येच तो आसावरीला म्हणाला.

“मी येणार नाही.”

त्याने तिच्या केसांत हात घातला आणि तिचं तोंड ताटावर आपटलं. मग पुन्हा. अनारशांवर रक्त पडलं. वीणाकाकू ओरडत फोन शोधायला धावल्या. टेबलाखालून अनया रडत म्हणत होती, “डॅडी, स्टॉप. डॅडी, स्टॉप.”

आसावरीचा हात चाचपडत टेबलावरच्या तांब्याला लागला. तिने तो उचलला आणि सगळा जोर लावून त्याच्या कानशिलावर हाणला. हाड फुटावं तसा आवाज झाला. क्लिंट खुर्चीसकट कोसळला आणि कान धरून कण्हू लागला.

आसावरीच्या नाकातून, ओठांतून रक्त वाहत होतं. दात हलला होता. तिने वडिलांकडे पाहिलं.

दिगंबरराव गुडघ्यांवर बसले होते, क्लिंटजवळ. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी त्याच्या कानाला लावला होता.

“आसू, काय केलंस हे! जेवायला बोलावलेला माणूस आहे तो. माफी माग आधी. आणि मग जा त्याच्याबरोबर.”

“अहो, तिचं तोंड बघा!” वीणाकाकू किंचाळल्या. पोलिसांना लावलेला फोन त्यांच्या कानाला होता.

दिगंबररावांनी वर पाहिलं नाही. टॉवेलची घडी बदलून ते पुन्हा जावयाच्या कानाला दाबत राहिले.

आसावरीने वाकून टेबलाखाली हात घातला. अनया त्या हाताला धरून बाहेर आली. तिला कडेवर घेऊन आसावरी वडिलांच्या पाठीमागून दाराशी गेली, ते उघडलं आणि उन्हात निघून गेली.