बाटल्या गोळा करायची वेळ

आमच्या डेपोत त्यांना सगळे ‘बिनहॉर्न’ म्हणायचे. गाडीपुढे गुरं येवोत, नाहीतर रस्त्याच्या मधोमध गप्पा छाटत उभी असलेली माणसं, हे ड्रायव्हरकाका हॉर्नला हात लावायचे नाहीत. गाडी थांबवायची आणि वाट बघायची. कंडक्टर वैतागायचा, “अहो, हॉर्न सासऱ्यांनी दिलाय का, जपून ठेवायला?”

“त्यांना दिसतंय की गाडी आलीय. होतील बाजूला,” काका म्हणायचे.

दुसरी एक सवय बऱ्याच ड्रायव्हरांना असते, काकांच्या ती अंगात मुरली होती. गाडी हातात घेतली की पाणी बंद. भरलेली गाडी उभी करून आडोशाला कोण जाणार? घसा सुकला तर लवंग चघळायची. नव्या ड्रायव्हरांनाही ते सांगायचे, “पहिले काही दिवस त्रास होतो. मग सवय होते.”

बायको गेली, पाठोपाठ गुडघे गेले. मुलाच्या दोन खोल्यांत काकांची खाट मावेना, तेव्हा त्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. ‘ठेवलं’ हा शब्द काकांचाच. “सामान ठेवतात तसं. पावती मुलाकडे आहे,” असं हसून सांगायचे.

खोलीत दोन खाटा, मधे लोखंडी कपाट, खिडकीतून समोर दिसायची ती कपडे वाळत घालायची गच्ची. दुसऱ्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, पण जीभ शाबूत.

“काय ड्रायव्हर, गाडी कुठवर आली?”

“डेपोतच आहे. तुमचं घड्याळ काय म्हणतंय?”

“मागे पडलंय. पण चालतंय.”

एवढ्यावर दोघांचा दिवस निघायचा.

त्या वृद्धाश्रमात एक पद्धत होती. संध्याकाळचा चहा झाला की मावशी खोल्याखोल्यांतून पाण्याच्या बाटल्या गोळा करून न्यायच्या. धुवायला नेतो म्हणायच्या, पण परत यायच्या त्या सकाळीच. रात्री सगळ्या मजल्याला एकच बाई. म्हाताऱ्यांनी पाणी प्यायलं की चादरी ओल्या होणार, त्या बदलायच्या कोणी? खाटेशी घंटीचं बटण होतं, पण ते “अडल्यानडल्याला, पाण्यासाठी नाही.”

घड्याळवाले कुरकुरायचे, “ड्रायव्हर, जीभ टाळूला चिकटतेय हो.”

“सकाळपर्यंत दम धरा. सवय होते,” काका म्हणायचे.

त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट ही त्यांच्या ओळखीचीच शिस्त होती.

उन्हाळा चढला तसे घड्याळवाले असंबद्ध बोलायला लागले. मग बोलायचेच थांबले. दवाखान्यात हलवलं, तिथून ते परत आले नाहीत. अंगात पाणीच उरलं नव्हतं, मूत्रपिंडं बंद पडली, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला सांगितलं. ती शिवणकाम करणारी बाई. तिने वृद्धाश्रमावर दावा लावला. वृद्धाश्रमाने उत्तर दिलं, आजोबा स्वतःच पाणी नको म्हणायचे. मावशींना नोकरी टिकवायची होती, मजल्यावरच्या इतरांना काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं. राहिले एकटे काका.

ती त्यांना भेटायला आली. “काका, बाटल्या नेत होते एवढंच सांगा. बाबांसाठी आता माझ्या हातात दुसरं काही नाही.”

त्याच आठवड्यात मुलाचा फोन. “बाबा, नसत्या भानगडीत पडू नका. उद्या त्यांनी बाहेर काढलं तर कुठे ठेवू तुम्हाला? डोक्यावर?”

“नको, तिथे केस आधीच कमी आहेत,” काका म्हणाले, आणि साक्षीला गेले.

डेपोतला जुना सोबती म्हणून मीच त्यांना कोर्टात घेऊन गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो. बाटल्या कधी नेत, कधी आणत, सगळं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मुलीचा चेहरा जरा उजळला. मग वृद्धाश्रमाचे वकील उठले. आवाज अगदी गोड.

“काका, तुम्ही तक्रार केलीत?”

“नाही.”

“शेजारी तहानलेले. तुम्ही एकदा तरी घंटी दाबलीत?”

“नाही.”

“का बरं?”

काका घाबरलो होतो म्हणाले असते तर चाललं असतं. “तेव्हा ते चूक वाटलं नाही,” ते म्हणाले. “आम्ही गाडीवर तसंच करायचो. मीच त्यांना म्हणायचो, सवय होते.”

“आभारी आहे,” म्हणून वकील खाली बसले.

बाहेर आल्यावर काका मुलीला म्हणाले, “पोरी, मी खरं तेच...”

“हो काका.” तिने पिशवीतून बाटली काढली. “पाणी घ्या. सकाळपासून घेतलं नाहीत.”

त्यांनी बाटली घेतली. गाडीत पूर्ण वाटभर ती हातात धरून बसले, झाकण काही उघडलं नाही.

तक्रार नाही, घंटी नाही, शेजाऱ्यालाही त्यात चूक वाटली नाही, तेव्हा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. वरच्या कोर्टात जाण्याची ताकद मुलीत नव्हती. वृद्धाश्रमाचे मॅनेजर स्वतः खोलीत आले. “काका, तुमच्या साक्षीने वाचवलं आम्हाला. काही लागलं तर हक्काने सांगा.” काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मुलगा फोनवर म्हणाला, “बघा, जागा राहिली ना?”

पुढे एका संध्याकाळी मी गेलो, तेव्हा त्या खाटेवर नवे गृहस्थ होते. वाचा गेलेली, नुसते ओठ हलत होते. मावशी बाटल्या गोळा करत आत आल्या.

“त्यांची राहू दे,” काका म्हणाले.

“मला बोलणी बसतात हो काका.” बाटली टोपलीत गेली.

काकांनी घंटीचं बटण दाबलं. बाहेर कर्कश आवाज सुरू झाला.

“अहो, मी इथे समोर उभी आहे! वाजवताय कुणासाठी?”

काकांनी अंगठा उचलला नाही. शेजारच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं. मावशी हात झटकत निघून गेल्या. थोड्या वेळाने खाली ऑफिसात कोणीतरी या खोलीची घंटी बंद केली असावी. आवाज मधेच तुटला.

“काका, बंद केली त्यांनी,” मी म्हणालो. “सोडा. मी समोरच्या दुकानातून बाटली आणतो.”

“आज आणाल. उद्या?”

मी तरी उठलो, बाटली आणली, त्या गृहस्थांना चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी माझं मनगट सोडवेना इतकं घट्ट धरलं. काकांनी आमच्याकडे बघितलंही नाही. त्यांचा अंगठा बटणावरच होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला, आणि दाराबाहेर कुठेच काही वाजत नव्हतं.