नाताळापर्यंतची सुकेळी

ब्लॉगवर वाचक कसा धरून ठेवायचा, हे निवृत्तीनंतर मी कितीतरी जणांना फुकट शिकवलं. शीर्षकात वस्तूचं नाव हवं. पहिल्या वाक्यात वास किंवा चव. एका लेखात एकच गोष्ट. आणि शेवटी वाचकाला काय करायचं ते सांगायचं, शक्यतो मुदत घालून. मुदत असली की माणूस उद्यावर ढकलत नाही. हा शेवटचा नियम ज्या लेखात मी सर्वांत चांगला पाळला, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुंबईत जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी संपली आणि वसईच्या फ्लॅटमध्ये माझे हात रिकामे झाले. वसईजवळच्याच सांडोर गावात एका मावशींची केळीची वाडी होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, चटईवर उन्हात वाळवून त्या सुकेळी करायच्या आणि वाळल्या पानात बांधून ठेवायच्या. घरात सुनेशी त्यांची गावातल्या ख्रिस्ती घरांची बोली चाले. माझ्याशी सरळ मराठी, पण अरेतुरे करून. सुकेळी नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी संपत. मी म्हटलं, ब्लॉग लिहितो, गिऱ्हाईक आणतो.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण कधी मिळतील ते लिहू नको. ते ऊन ठरवतं."

पहिला मजकूर मी तसाच लिहिला. वाचक आले, मागणी येईना. लेखाखाली किती जणांनी वाचलं त्याचा आकडा दिसायचा. मी तो बघायचो, गच्चीवर चक्कर मारायचो, परत येऊन बघायचो. शीर्षक बदलायचो, जुनं परत लावायचो. जेवताना उठायचो. नोकरीत जाहिरात छापून आली की ती आपल्या हातातून सुटायची. इथे काहीच सुटत नव्हतं. एका दुपारी मी शेवटी एक ओळ घातली: नाताळाच्या आधी हवी असतील तर आजच कळवा.

संध्याकाळपासून मागण्या सुरू झाल्या. पुण्याहून, नाशिकहून, बोरिवलीहून. मी धावत सांडोरला गेलो. मावशी चटया झटकत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तारीख घातलीस?"

त्या डिसेंबरात ढग आले ते हलेचनात. सकाळी केळी पसरायची, दुपारी उचलायची. मी रोज दोनदोनदा वाडीत. सून म्हणाली, काका, आता ढगांसाठी एक ब्लॉग लिहा. मी हसलो नाही. नाताळ जवळ आला तसं मीच सुचवलं की चुलीच्या धगीवर वाळवू, कोणाला कळणार आहे. मावशींनी असं कधी केलं नव्हतं. त्यांनी चटईवरची केळी उचलून चुलीपाशी आणली. मग म्हणाल्या, "तू लोकांना शब्द दिलायस, म्हणून."

सुकेळी वेळेत पोहोचली. बाहेरून तांबूस, आत ओलसर, धुराच्या वासाची. नव्या वर्षात लेखाखाली एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या सुकेळ्यांना बुरशी आली. खाली आणखी दोघांनी तेच लिहिलं. मी तिथल्या तिथे उत्तर टाकलं: "कारागिरांकडून घाई झाली. वाचकांची क्षमा मागतो." उत्तर थोडक्यात असावं, हाही माझाच नियम. मग यापुढची प्रत्येक प्रतिक्रिया मी मंजूर केल्यावरच दिसेल, अशी सोय करून टाकली.

सुनेनं ते उत्तर तिच्या ऑफिसात वाचलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा मावशींनी ओट्यावर खुर्ची ठेवली.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. पाणी आणलं. मी तांब्या खाली ठेवल्यावर बोलल्या, "माझ्या सासूनं सुकेळी केली, मी केली. घाई आमच्यात कोणी केली नाही."

अरेतुरे संपलं होतं. उत्तर आजच बदलतो, असं मी कबूल केलं आणि घरी येऊन संगणकासमोर बसलो. घाई कारागिरांची नाही तर कोणाची, असं लोक विचारणार होते. मी आकडा बघितला आणि संगणक बंद केला. उद्या, म्हटलं. त्यानंतर मावशींनी बाहेरच्या कोणाला सुकेळी दिली नाही. मीही ब्लॉग सोडला. ज्या ईमेलवर तो उघडला होता ती बंद पडली, पासवर्ड विसरला. मावशी गेल्या, तोवर ते उद्या आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एक जोडपं मोबाइलवर तोच लेख उघडून सांडोरला पोहोचलं. सुनेकडे मी अधूनमधून जातो, तेव्हाही तिथेच होतो. त्या तरुण बाईनं सुनेला सहज विचारलं, घाई करणारे ते कारागीर ह्याच घरचे का. ढगांची, चुलीची, तारखेची सगळी हकिकत मी त्यांना सांगितली. ती दोघं अवघडून निघून गेली. सून फाटक लावत म्हणाली, "काका, हे आम्हाला माहीत आहे. जिथे ते लिहिलंत, तिथे लिहा."

घरी येऊन मी माझ्याच लेखाखाली, परक्या माणसासारखा, प्रतिक्रिया लिहिली: घाई माझी होती, त्यांची नव्हती. बटण दाबल्यावर पडद्यावर आलं की ब्लॉगच्या मालकानं मंजुरी दिल्यावर आपली प्रतिक्रिया दिसेल.

तेव्हापासून मी रोज जाऊन बघतो. लेखाखाली अजून माझं ते जुनं उत्तरच शेवटचं आहे. म्हणून हे इथे छापायला दिलं.