आडव्या वाऱ्यात पाठवलेला निरोप

वडील गेले त्या दिवशी मी विमानाच्या कॅप्टनला निरोप पाठवला की मला घाई आहे.

तुम्ही म्हणाल, दुःखात माणूस काहीही करतो. खरं आहे. पण मी स्वतः वैमानिक आहे, आणि नुसता वैमानिक नाही, नवीन कॅप्टनांना शिकवणारा. असा निरोप आला तर तो कानाआड कसा करायचा, हे शिकवण्याचाच मला पगार मिळतो.

सकाळी दिल्लीत धाकट्या भावाचा फोन आला. बाबा गेले. मग त्याने विचारलं, "तू येईपर्यंत थांबायचं का?"

हा प्रश्न आमच्याकडे साधा नसतो. आमचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या काठावर. स्मशानही खाडीला लागून, आणि तिथे जायची वाट भरतीला पाण्याखाली जाते. त्यात आषाढातलं उधाण. आमच्याकडे मयत किती वाजता उचलायचं हे भरती ठरवते, आणि त्या दिवशी भरती संध्याकाळची होती.

"थांबा," मी म्हणालो. "आत्ताचं विमान धरतो, गोव्यात उतरतो, तिथून गाडी करतो. भरतीच्या आधी पोचतो."

"नक्की ना? इकडे वारा फार सुटलाय रे. मुंबईवरून ये त्यापेक्षा."

"वाऱ्याचं तू मला सांगू नकोस," मी म्हणालो.

बापाचं प्रेत घरात आणि मी धाकट्या भावाला माझी नोकरी सांगत होतो. तो बिचारा म्हणाला, "बरं. थांबतो."

बाबा बंदर खात्यात होते. वादळाची सूचना आली की बंदरावरच्या खांबावर धोक्याचा बावटा चढवायचा, हे त्यांचं काम. बावटा चढला की होड्या बाहेर पडायच्या नाहीत. वादळ आलं तर कुणी त्यांचे आभार मानत नसे. नाही आलं तर दिवसाची मासळी बुडाली म्हणून सगळं बंदर त्यांच्या नावाने शिमगा करी. त्या शिव्या ऐकत मी लहानाचा मोठा झालो आणि तरीही पोटासाठी वाऱ्याशीच संबंध असलेला धंदा निवडला. घरातली सगळी अक्कल धाकट्याकडे गेली ती अशी.

विमानात मला मधल्या रांगेत खिडकी मिळाली. शेजारी कुडाळकडचे एक गृहस्थ होते, मांडीवर मिठाईचा खोका. दार बंद झालं आणि कॅप्टनचा आवाज आला. मी ओळखला. दोन पावसाळ्यांपूर्वी मीच तिला सिम्युलेटरमध्ये तयार केली होती.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान. आत बसणाऱ्याला मात्र ते खोटं वाटत नाही. मी त्यात माझी एक खोडी घालत असे. शिकणारा आडव्या वाऱ्यात घामाघूम झाला की मी मागून एअर होस्टेसचा आवाज काढून सांगायचो, "कॅप्टन, एका प्रवाशाचे वडील वारलेत हो. प्रेत घरात ठेवलंय. जरा लवकर उतरा ना, प्लीज!" निम्मे हसायचे. निम्मे खरोखर उतरायला जायचे. ती पहिल्या खेपेला उतरायला गेली आणि आपटली. पडदा लाल झाला. मी टाळ्या वाजवून म्हणालो, "वा! आता किती जणांना अग्नी द्यायचा?" ती बाहेर जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी तोच निरोप दिला, तेव्हा तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिला पास केलं आणि हा किस्सा पुढे प्रत्येक बॅचला रंगवून सांगितला.

गोवा जवळ आला तसं विमान हिंदकळू लागलं. तिथला विमानतळ सड्यावर, उघड्या कातळावर. समुद्रावरून आलेला वारा सड्याच्या कडेवर आदळतो आणि कसाही उसळतो. आडव्या वाऱ्यात विमान सरळ येत नाही. नाक वाऱ्याकडे वळवून कुर्लीसारखं, खेकड्याच्या चालीने तिरकं तिरकं धावपट्टीकडे सरकतं, आणि चाकं टेकायच्या जरा आधी पायाने रेटा देऊन नाक सरळ करायचं असतं. हे सरावाने जमतं. ज्याला सराव पुरत नाही ते वेगळंच. समोरून येणारा वारा एकाएकी पडतो, नाहीतर उलटा पाठीमागून येतो, आणि पंखाखालचा आधार काढून घेतल्यासारखं विमान खाली बसतं. याला आम्ही विंड शिअर म्हणतो. तिथे हुशारी दाखवायची नसते. इंजिनांना सगळी ताकद द्यायची, नाक वर उचलायचं आणि निघून जायचं. हे निघून जाणं शिकवायलाच सगळ्यांत अवघड, कारण प्रत्येकाला उतरायचं असतं.

पहिल्या खेपेला खाली लाल माती, काजूची झाडं, भिजलेली धावपट्टी, सगळं दिसलं. आणि धावपट्टी खिडकीतून अशी बाजूला सरकली की मी मनातल्या मनात पाय रेटला. इंजिनं ओरडली. आम्ही वर.

"काय झालं?" कुडाळकर म्हणाले.

"उतरली नाही."

"कॅप्टन बाई आहे ना? मला वाटलंच."

इथे मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की तिने केलं तेच बरोबर, आणि तिला मी शिकवलंय. मी काय म्हणालो? "जमलं असतं."

पुढे आम्ही समुद्रावर ढगांत घिरट्या घालत राहिलो, वारा पडायची वाट बघत. मी खिडकीतून पाण्याकडे पाहत होतो आणि मला आमची खाडी दिसत होती. पाणी काठच्या खाजणात शिरत असेल. पडवीत माणसं घड्याळाकडे बघत बसली असतील, मी थांबा म्हणालो म्हणून. मी डोक्यावरचं बटण दाबलं.

एअर होस्टेस सीटा धरत धरत आली. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "कॅप्टनला सांगा, मी इथे बसलोय. वडील वारलेत. प्रेत घरात ठेवलंय. मला उतरणं फार गरजेचं आहे."

शब्दसुद्धा जवळजवळ तेच. फक्त या वेळी बाईचा आवाज काढायची गरज नव्हती.

ती पुढे जाऊन फोनवर बोलली आणि परत आली. चेहरा पडलेला. "सर, कॅप्टन म्हणाल्या, बेल्ट घट्ट बांधा."

दुसरी खेप. या वेळी विमान बरंच सरळ येत होतं आणि मला वाटलं, आलो, पोचलो, बाबा, थोडं थांबा. आणि तेवढ्यात वारा पडला. एका श्वासाइतका वेळ काहीच आवाज नव्हता. मग आम्ही खाली बसलो. मिठाईचा खोका कुडाळकरांच्या मांडीवरून उडाला, मागे कुणीतरी किंचाळलं, आणि काजूची झाडं मला इतकी मोठी दिसली की पानं ओळखता यावीत. इंजिनं फुल्ल. नाक वर. तरीही काही क्षण आम्ही वर जाईनाच. खरं सांगतो, त्या क्षणी मला बाबा आठवले नाहीत. मला माझाच निरोप आठवला.

मग हळूहळू झाडं लहान झाली.

आम्ही हैदराबादला उतरलो. प्रवासी शिव्या घालत बाहेर पडत होते, आणि ती कॉकपिटच्या दाराशी उभी राहून एकेकाच्या शिव्या ऐकत होती. माझी पाळी आली. तिचे डोळे लाल होते. "सर, बाबांचं कळलं," ती म्हणाली. "मला येताच आलं नाही खाली."

मी तिचे आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "दुसऱ्या वेळी नाक उचलायला तुला उशीर झाला."

आणि हे मी मागे, खिडकीपाशी बसून, नुसती काजूची झाडं बघत ठरवलेलं!

"हो सर," ती म्हणाली.

घरी पोचलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. ओटीवर भाऊ बसला होता, हात भाजलेला. हैदराबादहून माझा फोन जाईपर्यंत त्यांनी माझी वाट पाहिली होती. मग मयत उचललं तेव्हा वाट पाण्याखाली गेलेलीच होती. गुडघाभर पाण्यातून बाबांना नेलं. एकाचा पाय घसरला आणि तिरडी एका बाजूने पाण्यात टेकली. लाकडं भिजलेली, ती पेटेनात. भावाने डिझेल ओतून अग्नी दिला. हे त्याने मला सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं. आई आत भिंतीकडे तोंड करून निजली होती.

मी पाय धुतले आणि पडवीत बसलो. कुणीतरी कोरा चहा दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी बोलायला लागलो. गप्प बसणं मला येत नाही. तळहाताचं विमान केलं, तिरकं धरून दाखवलं, वारा कसा पडला, आम्ही कसे बसलो, सगळं. निरोपाचंही सांगितलं. त्या पोरीने माझ्यासारख्या माणसाचाही निरोप जुमानला नाही, हे तर दोनदा सांगितलं. वाटलं, निदान आत्या तरी माझ्या पाठीवरून हात फिरवील.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, भाट्याला दिलेली. खांबाला टेकून ती सगळं ऐकत होती.

"झालं तुझं?" तिने विचारलं.

"झालं."

"तुझ्या बापाने जन्मभर शिव्या खाऊन माणसं किनाऱ्यावर ठेवली. जाताना कुणाची सोबत मागितली नाही त्याने. आणि तू, मेल्या, विमानभर माणसं त्याच्या सोबतीला धाडायला निघाला होतास."