मोरचूद आणि मासे

हुबळीत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक तळं होतं आणि तळ्याच्या वरच्या अंगाला सूत आणि कापड रंगवायचा कारखाना. मी धारवाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात एका सकाळी तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. तळ्याचा मक्ता एका कोळी कुटुंबाकडे होता. त्यांनीच मासे धरायला विषारी पाला कालवला असणार, असं सगळे म्हणू लागले आणि वस्तीच्या पंचांनी त्यांना तळ्यावर यायला बंदी केली.

पंचांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं आणि लुगड्यांचं सूत त्याच कारखान्यात रंगवलं जाई. बंदीच्या दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबातली कोळीण आमच्या पायरीशी येऊन बसली. "नम्म तप्पल्ल री, अण्णा," एवढंच म्हणाली. आमची चूक नाही. रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत. ती गेल्यावर अण्णांनी मला विचारलं, "पाण्यातलं विष ओळखायला शिकवतात का गं तुम्हाला?"

मी आमच्या सरांना विचारलं. सर पुण्याकडचे, मितभाषी. नुसतं ओळखून भागणार नाही, ते कुठून येतं आणि त्यानेच मासा मरतो का, हेही दाखवावं लागेल, असं ते म्हणाले आणि प्रयोगशाळेत खिडकीजवळची एक जागा मला दिली.

मग रोज सकाळच्या गाडीने मी पाण्याच्या बाटल्या घेऊन धारवाडला जाऊ लागले. डब्यातल्या बायका विचारत, हे कुठलं तीर्थ? तळ्याच्या चारी काठांचं आणि कारखान्याच्या मोरीच्या तोंडाचं पाणी मी वेगवेगळं आटवलं आणि त्यात अमोनियाचे थेंब टाकले. काठांच्या पाण्याला थोडी थोडी निळी झाक आली. मोरीचं पाणी मात्र गर्द निळं झालं. म्हणजे तांबं. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात मोरचूद वापरत, त्याचं ते तांबं.

त्यानंतर दुसऱ्या एका स्वच्छ तळ्यातले बोटभर मासे आणून मी बरण्यांत सोडले. मोरीच्या पाण्यातले मेले. चांगल्या पाण्यात चिमूटभर मोरचूद घातलं, तेही मेले. नुसत्या चांगल्या पाण्यातले जगले. मोरीच्या पाण्यात चुना घालून गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी काढून त्यात मासे सोडले, तेव्हा सकाळपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हती. सकाळी ते बरणीत फिरत होते. सर वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "आता हे लोकांना सांगायला हवं. काम तुमचं आहे, तुम्हीच सांगा."

पंच देवळाच्या सभामंडपात जमले. मी बोलायचं ते मराठीत तयार करून नेलं होतं, पण समोर बसलेले बहुतेक कानडी बोलणारे. पहिलं वाक्य अडखळलं, मग मी सरळ कानडीतच सांगत गेले. बायकांनी अशा बैठकीत उभं राहून बोलायची रीत नव्हती. कोळीण खांबाआड उभी होती. कारखान्याचे मालक शांतपणे म्हणाले की मोरचूद द्राक्षाच्या वेलींवर फवारतात, त्याने कुणी मेल्याचं ऐकलं नाही. मी म्हटलं, "काका, आपण हवेत श्वास घेतो. माशाला त्याच पाण्यात घ्यावा लागतो." आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच मोरीचं पाणी निळं करून दाखवलं.

मग अण्णा उठले. पंच म्हणून आपण घाई केली, असं त्यांनी कोळिणीकडे बघून सर्वांदेखत सांगितलं. मालकांना म्हणाले, "चुन्याचे हौद बांधा. ते होईपर्यंत माझं सूत तुमच्याकडे येणार नाही."

मालक आठवडाभर रागावून होते. पण ते हट्टी असले तरी हिशेबी होते. हौद बांधायला कुठला चुना घ्यावा हे विचारायला ते आमच्याच घरी आले, आणि आई चहा देत असताना त्यांनी प्रश्न अण्णांना न विचारता मला विचारला. कोळ्यांवरची बंदी तर बैठकीतच उठली होती. दोन पावसाळे गेल्यावर तळ्यात पुन्हा जाळी पडू लागली.

पुढे मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. मानाचे प्रसंगही आले. पण लक्षात राहिलाय तो बैठकीचा दिवस. घरी परतताना अण्णा नेहमीसारखे पुढे चालले नाहीत. माझ्या बरोबरीने चालले. वाटेत भेटेल त्याला थांबवून, कुणी विचारलेलं नसताना, सांगत होते, "ही माझी मुलगी. तळ्याचं हिनं शोधून काढलं." मला संकोच वाटला नाही. मान वर करून मी ते ऐकत होते.