घरी पाठवणाऱ्या बाई

नलूबाईंकडे ध्यानाला बसायचं म्हणजे आपली चटई आपण न्यायची. ती कुठे अंथरायची हे मात्र बाई ठरवायच्या. नवखा असेल तर पडवीत, अगदी रस्त्याच्या तोंडाशी. थोडा मुरला की माजघरात. आणि ज्याला खरंच बसता यायला लागलं, त्याची चटई त्या स्वतः गुंडाळून त्याच्या काखेत द्यायच्या. "आता हंय येव नको. घराक जा, थंयच बस." चांगल्या विद्यार्थ्याला हाकलून देणाऱ्या मास्तरीण आमच्या आचरा गावात त्या एकट्याच.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, हडकुळ्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ होता तोही गेला. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या. मी मालवणातली नोकरी संपवून गावी आलो आणि वर्षाच्या आत निर्मला, माझी बायको, गेली. घर खायला उठायचं. कुणीतरी म्हणालं, बाईंकडे जाऊन बस. गेलो.

पहिल्याच दिवशी डोळे मिटले आणि रस्त्यावर मासळीवाली ओरडली. मी चुळबुळलो. बाई म्हणाल्या, "वसंता, बांगड्यांचो भाव कानार पडलो तर पडांदे. तू घासाघीस करू नको." नवख्यांना एवढंच शिकवणं. माजघरातल्यांची मात्र त्या हजेरी घ्यायच्या. पर्यटकांना खोल्या देणारे आमच्यातले एक गृहस्थ एकदा गहिवरून म्हणाले, "बाई, आज माका आत उजेड दिसलो." बाईंनी वर पाहिलं. "सकाळपासून लाईट नाय होती. ती इली आसतली." गृहस्थ दोन दिवस फुगून बसले, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आले.

सहा-सात महिन्यांत माझं मन बऱ्यापैकी स्थिरावायला लागलं, आणि मी पुढचा हिशोब केला. आता माजघर, मग घर. त्या रिकाम्या घरात जाऊन डोळे मिटायचे? मी नामी युक्ती काढली. मधेच खोकायचो. पाय बदलायचो. डास नसताना मान खाजवायचो. बाई काही बोलत नसत. माझ्यामागून आलेले माजघरातून पुढे घरी गेले, मी आपला पडवीतच. नापास होण्यात एवढं सुख असतं हे शाळेत कळलं असतं तर!

हळूहळू माणसं आटली. बाईंच्या पद्धतीत दुसरं काय होणार? नवे फारसे येईनात, जुने शिकून गेलेले. चतुर्थीनंतरच्या एका संध्याकाळी पडवीत मी एकटाच होतो. खोकलो.

"वसंता," बाई म्हणाल्या, "कित्याक खोटा खोटा खोकतंस?"

मला रडूच आलं. म्हटलं, "बाई, घरात कोण नाय."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "माका सगळा ठावक होता. तुका कधीच घराक धाडूक होया होता. पण तू गेलंस काय पडवी रिकामी. म्हणान मीय गप रवलंय."

"तुमका तरी एकटीक बसूक काय अडचण? इतक्यांका शिकयलात."

"माका एकटीक बसूक जमणा नाय रे. कोण समोर आसला तरच जमता. कोण नसला काय मी उठान भांडी घासतंय. घासलेली परत घासतंय." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. मग उठून त्यांनी माझी चटई गुंडाळली. "जा. आणि जमला काय माका सांगूक ये. कसा जमता ता माकाय शिकूचा आसा."

मला घरी जमेना. डोळे मिटले की कान स्वयंपाकघराकडे. बाजारात बाई भेटल्या की दुरूनच विचारायच्या, "जमला?" मी मानेनेच नाही म्हणायचो. त्या म्हणायच्या, "जमतला, जमतला," आणि पिशवी सावरत निघून जायच्या. हात हलवत त्यांच्या दारात जाणं मला बरं वाटेना, आणि बोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

माघात बाई गेल्या. झोपेतच. त्यांनी घरी पाठवलेले सगळे त्या दिवशी बाईंच्या घरापुढच्या खळ्यात जमले होते. कितीतरी जण एकमेकांना ओळखतही नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका साध्या सकाळी, मी माझ्या घरात बसलो आणि बसून राहिलो. पाल चुकचुकली, नारळाची झावळी पडली, मागच्या दाराची कडी वाऱ्याने वाजली. कडी वाजली तरी निर्मला आली असेल असं मनात आलं नाही. इतके महिने मी ध्यानाला बसत नव्हतोच, तिची वाट बघत बसत होतो. ती वाट बघणं त्या सकाळी थांबलं होतं. फार वाईट वाटलं, आणि तरी मी बसलेलाच होतो.

मी डोळे उघडले, उठलो, पायांत चपला घातल्या आणि बाईंना सांगायला निघालो. फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं.