दिवेलागणीची फरशी

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर तुम्ही काय करता हो? नाकाला पदर लावता? की आधी जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारता आणि मग नाकाला पदर लावता? खरं सांगा. पोशव्वाला विचारलंत तर ती म्हणेल, दुसऱ्या प्रकारची माणसंच जास्त. आणि ती हे कुणाच्या पाठीमागे म्हणत नाही, तोंडावर म्हणते.

गोदावरीच्या तेलंगणाकडच्या काठावर आमचं गाव. पोशव्वाचं अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तंबाखूने छाती भरायला लागली तेव्हा ती विड्यांचं सूप टाकून दवाखान्यात सफाईला लागली, आणि आज बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सफाईवाल्या बायांची ती मेस्त्री, म्हणजे मुकादम, आहे. आवाज असा, की बाहेर नंबर पुकारणाऱ्याचा घसा बसला की लोक तिलाच बोलवायला आत येतात. वॉर्डाचा गर्व तर विचारू नका. "सकाळी या," ती सांगायची, "फरशीत बघून कुंकू लावा!"

म्हणूनच मुलीचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "सौजन्या माझ्याच वॉर्डात बाळंत होणार." पहिलटकरीण माहेरी येते, तेव्हा शब्द आईचा चालायला हवा. पण विहीण नरसव्वा काही कमी नव्हती. तिला सून खासगी नर्सिंग होममध्ये न्यायची होती.

"तिथं कळ यायच्या आधी पोट फाडतात, विहीणबाई," पोशव्वा म्हणाली.

"आणि तुमच्याकडे बाळाच्या आधी माशा येतात," नरसव्वा म्हणाली.

एवढं बोलून गप्प बसली असती तर ती नरसव्वा कसली? न कळवता एक दिवस येऊन ठेपली. आणि तीही सकाळी नव्हे, ऐन दिवेलागणीला!

त्या वेळचा वॉर्ड बघण्यासारखा नसायचाच. भेटायला आलेली माणसं जेवून उठलेली, खाटांखाली भाताची शितं, केळीची सालं, एका कोपऱ्यात रक्ताळलेला कापूस, संडासापासून दारापर्यंत ओल्या चपलांचे ठसे. आणि कुणी हात लावायला तयार नाही. कारण? दिवा लागला. दिवा लागल्यावर घरात झाडू फिरवला की लक्ष्मी निघून जाते. हा नियम वॉर्डात आणला कुणी, तर खुद्द पोशव्वाने.

नरसव्वाने पदर सावरत पाय उचलून टाकले, दारापर्यंत गेली आणि वळली. "सकाळच्या फरशीत कुंकू लावता म्हणे. बाळ काय फक्त सकाळी होतं? बतुकम्माचा सण संपायच्या आत मी परत येईन. अशाच दिव्याच्या वेळेला. हेच दिसलं, तर सून नर्सिंग होमला. मग रडायचं नाही."

पोशव्वाच्या मस्तकात तिडीक गेली. ती तरातरा वॉर्डाच्या नर्स, सिस्टर एस्तेर यांच्या टेबलाशी गेली.

"सिस्टरम्मा, संध्याकाळची सफाई हवी असं तुम्ही मला जोरात का नाही सांगितलंत?"

"तुझ्यापेक्षा जोरात?" सिस्टर हसल्या. "या दवाखान्यात ते कुणाला जमतं? दर महिन्याला सांगितलं. तू म्हणालीस, लक्ष्मी जाईल."

"जाईलच. झाडूने जाते."

"अगं, मग झाडू मारू नकोस! वॉर्डात सुका झाडू सकाळीही नको. धूळ उडते आणि बाळंतिणींच्या टाक्यांवर, बाळांच्या नाळेवर बसते. ओलं फडकं फिरव. औषधाच्या पाण्याची एक बादली, साध्या पाण्याची एक. वॉर्डाकडून संडासाकडे पुसत जायचं, उलटं कधीच नाही. आणि संडासाचा मॉप वॉर्डाच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये."

पोशव्वा बघतच राहिली. झाडूच नाही, तर लक्ष्मीची तक्रारही नाही! तिला एवढा आनंद झाला की तिने सिस्टरच्या पाठीत धपका घातला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीखाली तिने आपल्या बाया गोळा केल्या. लच्चव्वा त्यांच्यात तोंडाळ.

"अक्का, फडक्याचं पटलं. पण दिव्यानंतर कचरा बाहेर टाकायचा? हे तूच शिकवलंस ना, की टाकू नये?"

"शिकवलं."

"मग लक्ष्मी?"

"लक्ष्मी रक्ताळलेल्या कापसात बसत असेल," पोशव्वा कडाडली, "तर तिचा हात धरून मीच तिला बाहेर काढते. तिलासुद्धा ताप येईल तिथे!"

बाया हसून लोटपोट झाल्या, आणि काम सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्याच संध्याकाळी लच्चव्वा घाईत संडासाचा मॉप घेऊन थेट खाटांमध्ये शिरली. पोशव्वाने अख्खी फरशी पुन्हा पुसायला लावली आणि त्या मॉपच्या दांड्याला लाल चिंधी बांधली, डोळे मिटून उचलला तरी हाताला लागावी म्हणून. मग नातेवाईक! पंगत मांडून बसलेली माणसं उठेनात. एक जण छाती पुढे काढून म्हणाला, "मी पेशंटचा भाऊ आहे."

"मग भावासारखा दाराबाहेर राखण करत उभा राहा. बहिणीच्या टाक्यांशेजारी रश्शाचे हात झटकतोस, लाज नाही वाटत?"

भाऊ उठला. त्याच्यामागे पंगतही उठली. हळूहळू लोकांना सवय लागली, की बादल्यांचा आवाज आला की डबे उचलायचे आणि बाहेर ओट्यावर बसायचं.

आणि मग निरोप आला. नरसव्वा येतेय, सद्दुलाच्या दिवशी, म्हणजे बतुकम्माच्या शेवटच्या दिवशी. दिवेलागणीला!

"मुद्दाम!" पोशव्वा ओरडली. "मुद्दाम हाच दिवस धरलाय बयेने!"

मुद्दामच होतं ते. त्या संध्याकाळी गावातली एकही बाई घरात थांबत नाही. तरवड, कुरडू, झेंडू यांचे उंच थर रचलेली बतुकम्मा डोक्यावर घ्यायची, नवी साडी नेसायची आणि टाळ्या वाजवत तळ्यावर जायचं. त्या वेळी फरशी पुसायला कोण येणार?

"आज मी नाही, अक्का," लच्चव्वाने स्पष्ट सांगितलं. "वर्षाचा सण आहे."

पोशव्वाचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "माझ्या पोरीसाठी ये."

लच्चव्वाचे डोळे विस्फारले. "तू मागतेस? हुकूम नाही?"

"मागतेय. लवकर हो म्हण, पुन्हा मागणार नाही."

आल्या! सगळ्या आल्या! जरीच्या साड्या कंबरेला खोचून, वेण्यांत झेंडू माळून. बतुकम्मा दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली रांगेने मांडल्या आणि बादल्या उचलल्या. तळ्यावर टाळीला जसा ताल धरायचा तसाच इथे मॉपला धरला. एक पाऊल, एक वळसा, पिळा, पुन्हा एक पाऊल. एकीने गाणं लावलं आणि खाटांवरच्या बाळंतिणी पडल्या पडल्या टाळ्या वाजवायला लागल्या. सिस्टर एस्तेर आजवर कधी बतुकम्माला गेल्या नव्हत्या, त्यासुद्धा खुर्चीत डोलत होत्या.

त्यात नरसव्वा दाराशी उभी. रेशमी साडी, पायात नव्या चपला, हातात सणाच्या मलिद्याचा डबा.

"आत येऊ नका," पोशव्वा आतूनच म्हणाली. "फरशी ओली आहे."

"मला अडवताय? विहिणीला?"

"कलेक्टर आला तरी अडवेन. चपला तिथे काढा."

नरसव्वाचं नाक लाल झालं. पण तिने चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. फरशी वाळली तशी आत आली. खाटेखाली वाकली. कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं. मग सरळ संडासाकडे गेली. आत कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

नरसव्वा ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "साबण आहे," ती म्हणाली. तिचा विश्वासच बसत नव्हता. "कुणी पळवत नाही?"

"पळवणारीचं नाव मला माहीत आहे, हे तिलाही माहीत आहे."

नरसव्वा फस्सकन हसली. मलिद्याचा डबा उघडून तिने आधी लच्चव्वाला दिला, मग पोशव्वापुढे धरला. "खिडकीजवळची खाट द्या सुनेला. आणि ऐका, पहिली संध्याकाळ मी स्वतः बघायला बसणार."

"बसा की! मॉपही देते हातात!"

मग त्या सगळ्या बतुकम्मा डोक्यावर घेऊन तळ्याकडे अशा धावल्या, की अर्धी फुलं आवारातच सांडली. सौजन्याला मुलगी झाली ती दसऱ्यानंतर, खिडकीजवळच्याच खाटेवर.

आता तुम्ही. तुमच्याही गावात सरकारी दवाखाना असेल. एकदा दिवेलागणीला तिथे जा. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात उभे राहा आणि विचारा, संध्याकाळची फरशी पुसली का? नसेल पुसली, तर पुसून होईपर्यंत हलू नका. आणि पुसणारी बाई समोर आली, तर तुमचा डबा उचला, चपला हातात घ्या आणि तिला वाट द्या.